कॉर्निया बसवला, पण टिकला का? नेत्रदान पंधरवड्यात विचारायचा राहून जाणारा प्रश्न

जुलै २०२३ ची गोष्ट. आळंदीत डोळे आल्याचे हजारो रुग्ण सापडल्याच्या बातम्या आल्या आणि थोड्याच दिवसांत साथ मुंबईतही पोहोचली. घाटकोपरच्या माझ्या दवाखान्यात सकाळपासून लाल डोळ्यांची रांग लागायची. अशाच एका गर्दीच्या दुपारी माझ्या जुन्या पेशंट असलेल्या मावशींचा फोन आला.

"डॉक्टर, नातवाचे डोळे आले होते, आता माझा आलाय. येऊ, की फोनवरच सांगता?"

"साथच आहे मावशी. डोळ्याला हात लावू नका, थेंब लिहून पाठवते. चार दिवसांत उतरेल."

चौथ्या दिवशी त्या दवाखान्यात आल्या. डोळा अजून लाल होता, उजेड सहन होत नव्हता आणि समोरचं सगळं धुरकट दिसत होतं. मी विचारलं, "दोन्ही डोळे का?" त्या म्हणाल्या, "नाही हो, ऑपरेशनवालाच." मला वाटलं मोतीबिंदूचं ऑपरेशन. "ते नाही, दोन वर्षांपूर्वी बुबुळ बदललं ना, ते."

हे डोळे येणं नव्हतं. दुसऱ्याचा कॉर्निया त्यांच्या शरीराने नाकारायला सुरुवात केली होती. कॉर्निया तज्ज्ञांनी त्याच दिवशी उपचार सुरू केले, पण सूज पूर्ण उतरली नाही आणि काही महिन्यांत तो कॉर्निया कायमचा धूसर झाला. आज त्या पुन्हा प्रतीक्षायादीत आहेत. फोनवर मी एकच प्रश्न विचारला असता, "या डोळ्याचं काही ऑपरेशन झालंय का?", तर ते चार दिवस वाचले असते. ती चूक माझी होती, आणि हा लेख लिहिण्याचं कारणही तीच आहे.

पंधरवडा काय मोजतो?

२५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा १९८५ पासून पाळला जातो. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला गणपती आले, त्यामुळे अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत अनेक मंडपांत आरतीच्या शेजारी नेत्रदानाचे फलक दिसले. हे चांगलंच आहे. देशाच्या अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्या लोकांमधल्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण कॉर्नियाचा आजार हेच आढळलं होतं. म्हातारपणाचा मोतीबिंदू आपल्या ओळखीचा आहे, पण कॉर्नियामुळे नजर जाते ती कमावत्या वयात किंवा त्याही आधी.

मात्र पंधरवड्याच्या बातम्यांत दोनच आकडे असतात. किती जणांनी संकल्पपत्र भरलं आणि किती डोळे जमा झाले. त्यातले किती कॉर्निया बसवले गेले, हे कधीमधी कळतं. बसवलेल्यांपैकी पाच वर्षांनी किती स्वच्छ राहिले, हे जवळजवळ कधीच छापून येत नाही. योगायोग असा, की ज्या १९८५ साली आपला पंधरवडा सुरू झाला, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात कॉर्निया रोपणांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. बसवलेल्या कॉर्नियाचं पुढे काय झालं, हे त्या नोंदवहीत वर्षानुवर्षं लिहिलं जातं. किती डोळे मिळाले हे मोजणं सोपं आहे. किती टिकले हे मोजायचं, तर पेशंटच्या मागे वर्षानुवर्षं राहावं लागतं.

दुसऱ्याचा कॉर्निया डोळा मुळात स्वीकारतो कसा?

डॉ. तात्याराव लहाने यांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९९५ मध्ये त्यांच्या आईने त्यांना मूत्रपिंड दिलं आणि पुढे या नेत्रतज्ज्ञाने हजारोंना दृष्टी दिली. मूत्रपिंड घेतलेल्या माणसाला, ते आईचं असलं तरी, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या साधारणपणे जन्मभर घ्याव्या लागतात. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून आणलेलं हृदय मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात बसवलं गेलं, तेव्हा मिनिटामिनिटाचा हिशोब करून वाट मोकळी करावी लागली होती. हृदयासाठी रक्तगट जुळावा लागतो आणि नंतर गोळ्या आल्याच.

कॉर्नियाचं असं नाही. काढलेला कॉर्निया विशिष्ट द्रावणात थंड ठेवला तर चार दिवस, काही द्रावणांत दोन आठवड्यांपर्यंत टिकतो. रक्तगट सहसा पाहिला जात नाही. पेशींवरच्या ओळखखुणा, म्हणजे एचएलए, जुळवल्या जात नाहीत. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात जास्त जोखमीच्या रुग्णांमध्येही एचएलए जुळवून फायदा दिसला नाही. बहुतेक पेशंटचं काम गोळ्यांशिवाय, नुसत्या थेंबांवर भागतं.

७ डिसेंबर १९०५ रोजी, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स शहरात एदुआर्द झिर्म यांनी चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुराला ११ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातला कॉर्निया बसवला. त्या मुलाचा डोळा इजेमुळे काढावा लागला होता. तेव्हा स्टिरॉइड नव्हतं, रिजेक्शन म्हणजे काय हेही कोणाला कळलेलं नव्हतं. तरी मजुराच्या एका डोळ्यातलं कलम स्वच्छ राहिलं आणि तो कामावर परतला. जगातलं हे पहिलं यशस्वी कॉर्निया रोपण मानलं जातं.

हे का जमलं, याचा उलगडा पुढे हळूहळू झाला. १९४८ मध्ये पीटर मेडावर यांनी दाखवलं, की परक्या प्राण्याच्या त्वचेचा तुकडा सशाच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात ठेवला तर तो एरवीपेक्षा जास्त टिकतो. डोळ्याला प्रतिकारशक्तीकडून खास सवलत आहे, ही कल्पना तिथून रुजली. शरीराला परक्या पेशी सहन करायला शिकवता येतं, या शोधासाठी मेडावर यांना फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांच्याबरोबर १९६० चं नोबेल मिळालं.

ही सवलत एका कुलपावर नाही, चार कुलपांवर टिकून आहे.

* रस्तेच नाहीत. निरोगी कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात आणि लसिकावाहिन्याही नसतात. त्यामुळे सैनिक पेशींना आत यायला आणि "परका आलाय" ही खबर बाहेर न्यायला वाट मिळत नाही. या वाहिन्या उगवू नयेत म्हणून कॉर्निया स्वतःच एक रोधक प्रथिन तयार करतो.
* ओळखपत्र कमी दाखवलं जातं. कॉर्नियाच्या पेशींवर एचएलएच्या खुणा इतर अवयवांपेक्षा कमी असतात.
* दारात पहारा आहे. कॉर्नियाच्या पेशींवर फॅस लिगँड नावाचा रेणू असतो. चिडलेली पांढरी पेशी जवळ आली, की हा रेणू तिला आत्मनाशाचा संदेश देतो.
* शरीराला समजावलं जातं. डोळ्यातल्या पाण्यासारख्या द्रवात प्रतिकारशक्ती शांत करणारी रसायनं असतात. त्या वातावरणात परक्या प्रथिनाची ओळख झालेल्या पेशी रक्तातून प्लीहेत जातात आणि तिथे "याच्यावर हल्ला करू नका" असं सांगणाऱ्या नियंत्रक पेशी तयार होतात. वैद्यकात याला सहनशीलता म्हणतात.

थोडक्यात, डोळा परक्या कॉर्नियाकडे दुर्लक्ष करत नाही. तो त्याला ओळखतो आणि ओळखूनही सोडून देतो. हा समझोता रोज पाळावा लागतो, आणि म्हणूनच तो मोडूही शकतो.

समझोता कधी मोडतो?

सर्वांत मोठं कारण म्हणजे कॉर्नियात उगवलेल्या रक्तवाहिन्या. जंतुसंसर्गाची जखम, नागीण विषाणूचा डोळ्यातला आजार, रसायनाने भाजणं, या सगळ्यांनंतर बुबुळाच्या कडेने लाल रेषा आत शिरतात. त्यांच्यासोबत लसिकावाहिन्याही येतात. म्हणजे खबर जाण्याचा आणि फौज येण्याचा, दोन्ही रस्ते खुले होतात.

आपल्याकडे यातलं एक कारण अगदी घरगुती आहे. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा ट्यूब लहान मूल खेळता खेळता दाबतं आणि ती डोळ्यात फुटते. चुना डोळ्यात खोल जातो आणि बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी जाळतो. अशा डोळ्यात पुढे बसवलेला कॉर्निया नाकारला जाण्याचा धोका फार मोठा असतो. झिर्म यांचा मजूरही चुन्यानेच भाजला होता, पण प्रत्येकाचं नशीब तसं नसतं. चुना डोळ्यात गेला तर आधी जागेवरच भरपूर स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवावा आणि मग दवाखाना गाठावा.

इतर कारणं अशी आहेत: आधीचं रोपण अयशस्वी झालेलं असणं, पेशंटचं वय लहान असणं, कलमाचा आकार मोठा असून ते बुबुळाच्या कडेजवळ जाणं, सैल झालेला टाका, ॲलर्जीने सतत डोळे चोळणं आणि थेंब मध्येच बंद करणं.

उंदरांवरच्या प्रयोगांत एक चमत्कारिक गोष्ट दिसली. एका डोळ्याचा कॉर्निया बदलताना कापल्या गेलेल्या नसांमुळे दुसऱ्या डोळ्याची सवलतही जाते, आणि नंतर तिथे वेगळ्याच दात्याचा कॉर्निया बसवला तरी तो नाकारला जाण्याचं प्रमाण वाढतं. माणसात हे जसंच्या तसं लागू करता येणार नाही. पण "एकदा जमलं, म्हणजे दुसऱ्या वेळीही तसंच जमेल" हे गृहीत धरू नये, एवढं त्यातून नक्की शिकता येतं.

रिजेक्शन म्हणजे डोळ्यात नेमकं काय होतं?

कॉर्निया साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याच्या सर्वांत आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. या पेशी पंपासारखं काम करतात, कॉर्नियात शिरणारं पाणी सतत बाहेर फेकतात आणि त्यामुळे तो काचेसारखा राहतो. प्रौढ माणसात एका चौरस मिलिमीटरमध्ये अशा सुमारे २५०० ते ३००० पेशी असतात. त्या मेल्या, की माणसात त्यांची जागा भरून निघत नाही. संख्या पाचशेच्या आसपास आली, की पाणी साचतं आणि कॉर्निया धूसर होतो.

पांढऱ्या पेशींचा हल्ला याच थरावर होतो तेव्हा वेळ महत्त्वाची ठरते. पहिल्या दिवसांत तासातासाला स्टिरॉइडचे थेंब सुरू झाले, तर बरेच हल्ले परतवता येतात. उशीर होतो तसा पेशींचा साठा कमी होतो, आणि तो परत मिळत नाही. माझ्या मावशींचे चार दिवस इथे गेले.

भारतातला आकडा काय सांगतो?

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने १९९७ मध्ये आपल्या शेकडो रोपणांचा हिशोब प्रामाणिकपणे मांडला होता. एका वर्षानंतर सुमारे ८० टक्के कलमं स्वच्छ होती, दोन वर्षांनी सुमारे ६९ टक्के आणि पाच वर्षांनी सुमारे ४६ टक्के. अयशस्वी होण्याच्या कारणांत रिजेक्शन पहिलं होतं. हे आकडे जुने आहेत, तेव्हाच्या पूर्ण जाडीच्या रोपणांचे आहेत, आणि आजचं चित्र बरंच सुधारलेलं आहे. तरी देशातली नावाजलेली संस्था पाच वर्षांनी अर्ध्याहून कमी कलमं स्वच्छ असल्याचं सांगत होती, हे विसरून चालणार नाही. एक कॉर्निया वाया जातो तेव्हा तो पेशंट पुन्हा रांगेत उभा राहतो आणि रांग एकाने वाढते. म्हणून बसवलेला कॉर्निया जपणं, हाही टंचाईवरचा एक उपाय आहे.

सुधारणा झाली ती मुख्यतः शस्त्रक्रियेत. पूर्वी सगळ्यांना पूर्ण जाडीचा कॉर्निया बसवला जायचा. आता खराब झालेला थरच बदलता येतो. फक्त आतला अतिपातळ थर बदलण्याला डीमेक म्हणतात, थोडा जाड थर बदलण्याला डीसेक. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दोन वर्षांत रिजेक्शनचं प्रमाण डीमेकमध्ये १ टक्का, डीसेकमध्ये १२ टक्के आणि पूर्ण जाडीच्या रोपणात १८ टक्के होतं. परका माल जितका कमी आणि टाके जितके कमी, तितकी चिथावणी कमी. मात्र चुन्याने जळलेल्या किंवा जखमेने आरपार पांढऱ्या झालेल्या बुबुळाला फक्त आतला थर बदलून भागत नाही. आपल्याकडे असे पेशंट बरेच असतात, म्हणून परदेशातले आकडे इथे तसेच्या तसे लावू नयेत.

जास्त जोखमीच्या पेशंटना तज्ज्ञ कधी कधी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्याही देतात. इथे आम्हा फॅमिली डॉक्टरांचं काम वाढतं. या गोळ्यांनी झोपलेला टीबी जागा होऊ शकतो. तोंडाने स्टिरॉइड घेतलं तर मधुमेहाची साखर वाढते. जीव वाचवण्यासाठी मूत्रपिंडाच्या पेशंटने हा धोका पत्करणं वेगळं, आणि एका डोळ्यासाठी पत्करणं वेगळं. हा निर्णय नेत्रतज्ज्ञ, फॅमिली डॉक्टर आणि पेशंट अशा तिघांनी बसून घ्यायचा असतो.

बातम्यांतले नवे उपाय

व्हॉट्सॲपवर "आता नेत्रदानाची गरज नाही" असे मेसेज फिरतात. वस्तुस्थिती अशी आहे.

२०२२ मध्ये डुकराच्या त्वचेतल्या कोलॅजेनपासून बनवलेला कॉर्निया भारत आणि इराणमधल्या २० पेशंटना बसवल्याचा अहवाल आला. त्यात पेशीच नसल्यामुळे नाकारण्यासारखं फारसं काही नव्हतं आणि दोन वर्षांत रिजेक्शन आढळलं नाही. पण हे सगळे पेशंट केराटोकोनसचे होते, म्हणजे त्यांचा आतला पंपाचा थर शाबूत होता. त्याच वर्षी हैदराबादमध्ये त्रिमितीय छपाईने बनवलेला कॉर्निया सशाला बसवला गेला.

जपानमध्ये क्योतोच्या डॉक्टरांनी ११ पेशंटच्या डोळ्यात प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतल्या थराच्या पेशी सुईने सोडल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. एका दात्याच्या पेशी अनेकांना पुरतील, ही त्यामागची मोठी आशा आहे. २०२४ मध्ये ओसाकाच्या गटाने मूळपेशींपासून बनवलेला बाहेरचा थर चार पेशंटना बसवल्याचं प्रसिद्ध केलं. या सगळ्यातून मार्ग निघेल, पण उद्या सकाळी नाही. तोवर दान केलेला मानवी कॉर्नियाच कामाला येणार आहे.

आपल्या उपनगरांत काय करता येईल?

आपल्याकडे रोपण अनेकदा शहरात कुठेतरी होतं आणि पेशंट राहतो बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या चाळीत. फेरतपासणी म्हणजे लोकलचा प्रवास, सोबत मुलगा किंवा सून, आणि दोघांची बुडालेली रोजी. "दिसतंय की चांगलं" म्हणून सहा महिन्यांनी फेऱ्या थांबतात. थेंब संपतात, किंवा केमिस्ट त्याच नावाचे वर्षभर देत राहतो. दोन्ही चूक. थेंब बंद केले तर रिजेक्शन, आणि डोळ्याचा दाब न तपासता चालू ठेवले तर काचबिंदू.

कॉर्निया बदललेल्या पेशंटने लक्षात ठेवायचं:

1. लाली, उजेडाचा त्रास, नजर कमी होणं, दुखणं. या चारपैकी एकही लक्षण कॉर्निया बदललेल्या डोळ्यात आलं आणि काही तासांत गेलं नाही, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. दहा वर्षांपूर्वीचं रोपण असलं तरीही.
2. रोज सकाळी दुसरा डोळा झाकून घरातल्या एकाच कॅलेंडरची तारीख वाचा. काल स्पष्ट दिसलेली आज धूसर दिसली, तर थांबू नका.
3. साथ असो वा नसो, "डोळे आले" हे निदान स्वतः करू नका.
4. थेंब स्वतःहून बंद करू नका आणि स्वतःहून वाढवूही नका.
5. लस घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण आधी नेत्रतज्ज्ञांना सांगा. २०२१ मध्ये कोविड लसीनंतर रिजेक्शन झाल्याच्या काही नोंदी लंडनहून आल्या होत्या. त्या मोजक्या होत्या, त्यामुळे लस टाळण्याचं कारण नाही. काही तज्ज्ञ त्या काळापुरते थेंब वाढवतात.
6. मोबाइलच्या कव्हरमध्ये एक चिठ्ठी ठेवा: कोणता डोळा, कधी, कोणत्या प्रकारचं रोपण आणि कोणाला फोन करायचा.

माझ्या सहकारी डॉक्टरांना एवढंच: एकच डोळा लाल असेल तर ऑपरेशनबद्दल विचारा. नजर कमी झाली असेल तर ते साधं डोळे येणं समजू नका. स्लिट लॅम्प आपल्याकडे नसतो, तो जवळच्या पालिका रुग्णालयाच्या नेत्रविभागात असतो. चिठ्ठीवर "कॉर्निया रोपण, रिजेक्शनची शंका, आजच तपासावे" एवढं ठळक लिहिलं, तर ओपीडीच्या गर्दीत पेशंट मागे राहत नाही.

आणि नेत्रदान करायचं असेल तर जरूर करा. मधुमेह, रक्तदाब, चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, यातलं काहीही आड येत नाही. मृत्यूनंतर लगेच नेत्रपेढीला कळवा, कारण डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात; पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. टीम घरी येते. शेवटी संमती घरच्यांनाच द्यायची असते, म्हणून संकल्पपत्र भरलंत तर घरात तसं बोलूनही ठेवा.

मावशी परवा गणपतीच्या प्रसादाचे मोदक घेऊन आल्या होत्या. दुसरं रोपण ठरलं, की पहिला फोन मला करायचा, असं आमचं ठरलं आहे. त्यांच्या केसपेपरवर मी लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे: "उजवा डोळा, कॉर्निया रोपण." हे दोन वर्षं आधीच लिहायला हवं होतं.

*हा लेख माहितीसाठी आहे. डोळ्याच्या कोणत्याही तक्रारीसाठी प्रत्यक्ष तपासणी करून घ्या.*